चारचा चहा मी बंद केला

सुरुवात सासूबाईंच्या एकटेपणातून झाली, हे आधी सांगते. नंतर काही लोक म्हणाले की मी हे सगळं प्रसिद्धीसाठी केलं. तेही अगदीच खोटं नव्हतं, पण ते पुढचं.

सासूबाई नागपूरला एकट्या राहतात. दुपारी चारला त्यांच्याकडे शेजारच्या तीन-चार जणी चहाला यायच्या, वर्षानुवर्षं. दोन हजार वीसच्या मार्चमध्ये सगळं बंद झालं आणि त्यांच्यावर एकटीने चहा पिण्याची वेळ आली. फोनवर म्हणाल्या, "कप घेऊन बसते अन् समोर भिंत. भिंतीशी काय बोलू, सांग."

आम्ही डब्लिनच्या पश्चिमेला ॲडम्सटाउनमध्ये राहत होतो. नवऱ्याचं ऑफिस सिटीवेस्टहून उठून आमच्या घरातल्या सगळ्यात लहान खोलीत आलं होतं. मुलगी आठ वर्षांची, तिची शाळा बंद. मी पुण्यात आठ वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं होतं. इकडे आल्यापासून घरीच होते. मी सासूबाईंना म्हटलं, रोज तुमच्या चारला मी फोन लावते, दोघी मिळून चहा पिऊ. त्यांचे चार म्हणजे आमचे सकाळचे साडेअकरा, हिवाळ्यात साडेदहा.

आठवडाभर तसं चाललं. मग त्या म्हणाल्या, "बाकीच्या बायकाही विचारून राहिल्या, सून काय बोलते म्हणून. त्यांनाही दिसेल असं काही कर ना." व्हिडिओ कॉलवर सगळ्यांना जोडणं त्यांना जमेना. म्हणून मी फोन खिडकीत पिठाच्या डब्याला टेकवला आणि लाइव्ह सुरू केलं. नाव दिलं 'चारचा चहा'. पहिल्या दिवशी पाच जणी होत्या. मी आलं किसलं, चहा उकळला, आयर्लंडच्या दुधाची साय कशी जाड येते ते दाखवलं, आणि बाहेर पाऊस पडत होता त्याबद्दल तक्रार केली. एवढंच.

दिवाळीपर्यंत रोज हजारांनी माणसं बघायला लागली. साताऱ्याच्या, लातूरच्या, दुबईच्या, मस्कतच्या बायका. कोणी निवृत्त मास्तर. कोणी बाळंतीण. मला ते कसं वाटायचं, हे लपवण्यात अर्थ नाही. सहा वर्षं मी या देशात फक्त कुणाची तरी बायको आणि कुणाची तरी आई होते. दुकानात, बसस्टॉपवर, शाळेच्या दारात 'ग्रँड', म्हणजे 'छान, मस्त', एवढाच शब्द माझ्या वाट्याला यायचा, आणि मीही उलट तोच द्यायची. आता स्क्रीनच्या कोपऱ्यात एक आकडा होता आणि तो माझ्यासाठी वर जायचा. मी रिंग लाइट घेतला. ओठांना रंग लावायला लागले. कपबश्या ठेवायचं कपाट, इथे त्याला प्रेस म्हणतात, ते मागे दिसतं म्हणून मी रंगवून घेतलं.

मुलगी मला काही सांगायला आली की दारात थांबायची आणि हळूच विचारायची, "आई, आर यू लाइव्ह?" मी नसले तरी विचारायची. जेवतानासुद्धा. मला ते गोड वाटायचं.

जानेवारीत पुन्हा कडक बंदी आली, घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही. शाळा पुन्हा बंद. त्या दोन-तीन महिन्यांत मी एकही दिवस चुकवला नाही. अंगात ताप असतानाही केलं. नवरा म्हणाला, "एक दिवस सोड ना." मी म्हटलं, "लोक वाट बघतात." ते खरंच होतं.

एप्रिलमध्ये भारतातली दुसरी लाट आली. आम्हाला ती बातम्यांत दिसण्याआधी कमेंट्समध्ये दिसली. एके दिवशी मी लिंबाच्या लोणच्याबद्दल बोलत होते आणि खालून एक ओळ वर सरकली. 'ताई, हसू नका आज. बाबांना कुठेच बेड मिळत नाहीये.'

मी थांबले. ती ओळ मोठ्याने वाचली. कोणतं गाव ते विचारलं. कोल्हापूर. मी म्हटलं, कोल्हापुरातलं कुणी बघतंय का? तीन मिनिटांत एकीने लिहिलं की तिचा दीर एका दवाखान्यात वॉर्डबॉय आहे, एक बेड आत्ता रिकामा होतोय. दुसऱ्या दिवशी बेड मागणाऱ्या त्या मुलीने लिहिलं, 'मिळाला ताई. ऑक्सिजन लागला.' मी कॅमेऱ्यासमोर रडले. बघणारे सगळे रडले असणार. कमेंट्समध्ये हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली.

त्यानंतर चहा झालाच नाही. लाइव्ह सुरू केलं की ओळी धावायला लागायच्या, वाचता येणार नाहीत इतक्या वेगाने. व्हेंटिलेटर. प्लाझ्मा. ऑक्सिजन ब्याऐंशी, ऑक्सिजन चौऱ्याहत्तर. इंजेक्शन कुणाकडे आहे का. वय एकतीस, गरोदर. मी मुलीची शाळेची एक कोरी वही घेतली आणि गावांप्रमाणे पानं पाडली. लाइव्ह आता दिवसातून तीन वेळा व्हायला लागलं. मधल्या वेळात मी भारतात फोन लावायची. बहुतेक नंबर वाजून वाजून बंद व्हायचे. काही बंदच असायचे. कुणी उचललं तर पलीकडून आधी ओरडणंच ऐकू यायचं.

मी स्वतःसाठी एक नियम केला होता. ज्या नंबरवर मी स्वतः, गेल्या तासाभरात बोलले आहे, तोच वाचायचा. वाचताना म्हणायचं, "याची मी खात्री केली आहे." लोक या पाच शब्दांची वाट बघायचे. बाकी जगभर जुने नंबर फिरत होते. माझे ताजे असायचे.

नवरा त्याच्या खोलीतून मीटिंगच्या मध्ये बाहेर यायचा, ओट्याशी पाणी प्यायचा, माझ्याकडे बघायचा. एकदा म्हणाला, "तू डॉक्टर नाहीस. तू तिथे नाहीस. तुला झेपणार नाही हे."

"मग काय करू? चहा करू?"

"थोडं कमी कर, एवढंच म्हणतोय."

"कुणाचा नंबर वाचायचा नाही ते तू सांग," मी वही त्याच्यापुढे धरली. "हे घे. यातलं कोण काढू?"

त्याने वही मिटून ओट्यावर ठेवली. त्याची स्वतःची आई नागपूरला एकटी होती, घराबाहेर सायरन ऐकत बसलेली. तिकडे जाता येत नव्हतं. गेलो तर परत कधी येता येईल ते कळत नव्हतं. तो खोलीत गेला आणि त्याने दार लावून घेतलं.

अकरा दिवस मी तो नियम पाळला. बाराव्या दिवशी नाही.

अकोल्याहून एक मुलगी लिहीत होती. तिचे वडील, ऑक्सिजन कमी होत चाललेला, गाडीत झोपवलेले. गाडी एका दवाखान्याच्या दारात उभी. तिची ओळ वर यायची आणि इतरांच्या ओळींखाली जायची, परत यायची. प्रत्येक वेळी आकडा आधीपेक्षा कमी. वहीत अमरावतीच्या पानावर एका छोट्या दवाखान्याचा नंबर होता. आदल्या दिवशी दुपारी मी त्यांच्याशी बोलले होते. दोन बेड आहेत, म्हणाले होते. चांगला बोलला होता तो माणूस, नीट, न ओरडता. मला वाटलं, हा लागेल. फोन लावायला मला दोन मिनिटं लाइव्ह थांबवावं लागलं असतं. त्या दोन मिनिटांत आणखी दहा जणांच्या ओळी निसटून जातील असं वाटलं. आणि खरं सांगायचं तर मला तिची ओळ परत दिसायला नको होती. मी नंबर वाचला आणि सवयीने म्हणाले, "याची मी खात्री केली आहे. निघा तुम्ही."

तिने लिहिलं, 'निघालो ताई.' मग तिची ओळ आली नाही. मला सुटल्यासारखं झालं. मी पुढचं नाव घेतलं.

तीन दिवसांनी तिचा मेसेज आला. शिवी नव्हती त्यात. साधा मेसेज होता. 'ताई, तुमचा नंबर जुना होता. तिथे सकाळीच भरलं होतं, गेट बंद होतं. दोन तास गेले जायला. परत येताना बाबा गेले. अकोल्यात आमचा तिसरा नंबर होता. आम्ही रांग सोडून निघालो होतो.'

मी तेव्हा जिन्यावर बसले होते. मेसेज वाचला, फोन खिशात ठेवला आणि उठून कपडे वाळत घातले. एकेक कपडा झटकून, चिमटे लावून. शेजारची आयरिश आजी कुंपणापलीकडून म्हणाली, ऊन छान पडलंय. मी म्हटलं, हो, ग्रँड. मग आत येऊन सिंकला धरून उभी राहिले. 

त्या मेसेजला मी उत्तर दिलं नाही. 

आणि यानंतरची गोष्ट मला सगळ्यात जड जाते सांगायला. मी लाइव्ह थांबवलं नाही. कुणाला काही सांगितलंही नाही, नवऱ्यालाही नाही. आणखी चार दिवस मी तीन-तीन वेळा बसले, ओठांना रंग न लावता, आणि नंबर वाचत राहिले. प्रत्येक नंबरला फोन केला, दोनदा केला. पण 'खात्री केली आहे' म्हणताना प्रत्येक वेळी मी कॅमेऱ्याऐवजी वहीकडे बघायची. लोक लिहायचे, 'देवासारख्या आहात ताई.' मी ते वाचायची आणि पुढे जायची. मला वाटत होतं की मी आणखी वीस जणांना बेड मिळवून दिला, पन्नास जणांना दिला, तर ते एक कुठेतरी झाकलं जाईल. असं झाकलं जात नाही हे मला कळत होतं. तरी मी बसत होते.

पाचव्या दिवशी सकाळी मी मुलीचे धुतलेले कपडे ठेवायला वर गेले. तिच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. ती जमिनीवर बसली होती. समोर पुस्तकांना टेकवून तिची छोटी पाटी उभी केलेली, तिच्यावर खडूने फोन काढलेला. बाजूला तीन बाहुल्या टॉवेलवर आडव्या. मांडीवर वही. ती पाटीकडे बघून, माझ्यासारखी मान किंचित कलती करून बोलत होती, तिच्या त्या आयरिश हेलात: "व्हेरिफाइड. इट्स व्हेरिफाइड, ताई. रिंग देम नाऊ." मग वहीत एक रेघ मारली, पहिली बाहुली उचलली आणि पलंगाखाली ठेवली.

"ती कुठे गेली?" मी विचारलं.

ती दचकली. "आर यू लाइव्ह?"

"नाही. ती बाहुली कुठे गेली?"

"शी डाइड," ती म्हणाली. सहज. आणि दुसरी बाहुली हातात घेतली.

मी तिथेच खाली बसले. तिला जवळ ओढलं तर ती आधी ताठ झाली, कारण इतक्या दिवसांत मी तिला दिवसाउजेडी जवळ घेतलंच नव्हतं. मग विचारलं, "डिड आय डू इट राँग?" मी तिला म्हटलं, "नाही गं, तू नाही." तिला कळलं की नाही, माहीत नाही. मराठी तिला सगळं कळतं. माझं त्या वेळचं बोलणं कळण्यासारखं होतं की नाही, हा प्रश्न आहे.

त्या दिवशी साडेअकराला मी शेवटचं लाइव्ह केलं. आधी नवऱ्याला सांगितलं, सगळं. तो खुर्चीत मागे रेलून ऐकत राहिला. मग म्हणाला, "मी बसू का शेजारी?" मी नको म्हटलं. पण तो दारात, कॅमेऱ्यात न दिसेल असा उभा राहिला.

मी लिहून घेतलं होतं, तरी वाचता आलं नाही. जसं आलं तसं बोलले. अकोल्याच्या एका कुटुंबाला मी फोन न करता नंबर दिला. खात्री केली आहे असं खोटं सांगितलं. त्यांनी रांग सोडली. त्यांचे वडील गेले. त्यानंतर मी चार दिवस गप्प राहिले. वहीतली सगळी पानं पुण्यातल्या काही मुलामुलींकडे पाठवली आहेत, ते रात्रंदिवस पाळ्या लावून हेच काम करतात, त्यांचा नंबर हा, आणि याला मी आत्ता दहा मिनिटांपूर्वी फोन केला होता. यापुढे हे लाइव्ह होणार नाही.

मी बोलत होते तेव्हाही ओळी धावतच होत्या. निम्म्या लोकांनी मी काय बोलतेय ते ऐकलंच नव्हतं. 'नाशिक, ऑक्सिजन, अर्जंट.' 'ताई माझं वाचा.' 'ताई प्लीज.' मध्येच कुणी लिहिलं, 'तुमची काय चूक, तुम्ही प्रयत्न केला.' त्याच्याखाली कुणी लिहिलं, 'आता अर्ध्यात सोडून पळताय?' दोन्ही वाचून मला सारखंच वाटलं. बंद करायचं बटण दाबायला मी बोट पुढे नेलं तेव्हा एक ओळ आली, 'नाशिकचं ऐका ना.' मी बटण दाबलं.

हे मी करायला हवं होतं की नव्हतं, ते मला अजूनही ठरवता येत नाही. दमलेल्या माणसाने थांबावं, नाहीतर त्याच्या हातून आणखी कुणी जाईल. हे बरोबर आहे. त्या क्षणी नाशिकचं कुणीतरी माझ्याकडे बघत होतं; हेही आहे.

पुढचे कित्येक दिवस मी काही केलं नाही. अक्षरशः काही नाही. नवरा पोळ्या करायचा, जाड व्हायच्या, मुलगी तशाच खायची.  साडेअकरा वाजायला आले की मी घराबाहेर पडायची आणि स्टेशनच्या पुलावर जाऊन उभी राहायची. गाड्या वेळेवर यायच्या, दारं उघडायची, कुणी उतरायचं नाही, दारं मिटायची. बारा वाजले की घरी यायची.

सासूबाई रोज फोन करायच्या. पण चारला नाही, सहाला. मी बंद केलं त्याबद्दल पहिले काही दिवस त्यांनी एक शब्द काढला नाही. मग एकदा म्हणाल्या, "तुझं ते मी पाहिलं होतं. अकोल्याचं."

"मग?"

"मग काय. त्या पोरीशी बोलली का तू?"

"मेसेजला उत्तर नाही दिलं."

"मेसेज नाही म्हणून राहिले मी. बोलली का?"

मी म्हटलं, तिला माझा आवाजही ऐकायचा नसेल. त्या म्हणाल्या, "तिला नसेल ऐकायचा तर ती ठेवेल फोन. तेवढं तरी तिच्या हातात दे."

मला धीर व्हायला जूनचा शेवट उजाडला. दुपारी, मुलगी शाळेत आणि नवरा कामात असताना, तिचा मेसेज ज्या नंबरवरून आला होता त्यावर मी फोन लावला. तिने लगेच उचलला. मी कोण ते सांगितलं. पलीकडे मिक्सरचा आवाज येत होता, तो थांबला.

"बोला," ती म्हणाली.

मी माफी मागितली. पाठ केलेली होती, ती अर्धवट विसरले.  मी संपवल्यावर तिने विचारलं, "तुम्ही त्या दिवशी म्हणालात ना, खात्री केली आहे म्हणून. मला एवढंच सांगा. खरंच केली होती का?"

माझं शेवटचं लाइव्ह तिने पाहिलंच नव्हतं. का पाहील? मी धरून चालले होते की मी जगासमोर कबूल केलं म्हणजे तिच्यापर्यंत पोचलं. ज्या एका माणसाला सांगायचं होतं, त्याला सोडून मी हजारोंना सांगितलं होतं.

"नाही," मी म्हटलं. "आदल्या दिवशी बोलले होते. त्या दिवशी नाही केला फोन."

  ती म्हणाली, "माझा दादा म्हणत होता, त्यांनी केलाच नसेल. मी त्याच्याशी भांडले. म्हटलं, त्या बाई तशा नाहीत, मी रोज बघते त्यांना. त्यांनी केला असेल, तेवढ्यात भरलं असेल." तिचा आवाज चढला नाही. "दोन महिने तो नि मी बोलत नाही आहोत."

"मी बोलू का त्यांच्याशी?"

"नको. मी सांगते त्याला, तू बरोबर होतास म्हणून." मग तिने विचारलं, "आणखी काही?"

मी नाही म्हटलं. तिने फोन ठेवला.

मी ते चॅनल काढून टाकलं नाही. काढणं म्हणजे ते मेसेजही पुसणं. सप्टेंबरमध्ये, मुलगी पुढच्या वर्गात गेल्यावर, मी एका सकाळी बसून शेवटच्या दिवसाचे सगळे मेसेज वाचले, एकही न सोडता. काही जणांनी एकदाच लिहिलं होतं. काही जणांनी दहा-दहा वेळा, आणि मग अचानक एका वेळेला लिहिणं थांबलेलं. थांबलं म्हणजे बेड मिळाला, की दुसरं काही झालं, हे त्या ओळींवरून कळत नाही. नाशिकचं माणूस लाइव्ह बंद झाल्यावरही, आमच्या दुपारच्या चार वाजून वीस मिनिटांपर्यंत, लिहीत होतं. शेवटच्या मेसेजमध्ये फक्त एक फोन नंबर आणि 'कधीही करा' एवढंच होतं. मी तो नंबर कागदावर उतरवला. महिना झाला, तो कागद माझ्याकडे आहे. मी अजून फोन केलेला नाही.